मिर्जानचा किल्ला आणि आमच्या आत्ती

खरं सांगायचं तर मिर्जान आमच्या यात्रेत नव्हतंच. मंडळाची बस निघाली होती मूडबिद्री, कारकळ, वेणूर आणि धर्मस्थळाला. छापील पत्रकात मुक्काम, पूजेच्या वेळा, कुठल्या गावी पाणी गाळून मिळेल हे सगळं होतं, मिर्जान नव्हतं. मीच अध्यक्षबाईंच्या मागे लागले होते. म्हटलं, हमरस्त्यापासून अर्धा किलोमीटर आत, कुमठ्याच्या अलीकडे, अगदी वाटेवरच आहे, एक तास द्या.

"तिथं बस्ती आहे काय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"राणी आपली होती," मी म्हटलं. एवढ्यावर एक तास मिळाला. तोही जेवणाच्या वेळेतून कापून.

बेळगावहून पहाटे पाचला निघालो. यल्लापूरला नाश्ता झाला आणि अरबैल घाट उतरायला लागलो तशी बाहेर सुपारीची बागायत सुरू झाली. प्रत्येक झाडाला बिलगून मिरीचा वेल चढलेला. मार्गशीर्ष होता, हिरव्या मिरीचे घोस लोंबत होते. माझ्या शेजारी आमच्या वन्स बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एवढीशी मिरी, पण लाडवापासून काढ्यापर्यंत हिच्याशिवाय कशाचं चालतंय सांग." मी मनात म्हटलं, हिच्याशिवाय पोर्तुगालच्या राजाचंसुद्धा चालत नव्हतं. ज्या किल्ल्याला निघालो होतो, त्याची सगळी कथा या दाण्यातूनच उगवलेली आहे.

अंकोला सोडून दक्षिणेकडे वळलो. गोकर्णाचा फाटा मागे पडला आणि थोड्याच वेळात मिर्जान आलं. किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं डोंगर येतो. राजहंसगड म्हणा, पारगड म्हणा, चढल्याशिवाय किल्ला नाही. हा तसा नाही. नारळी-पोफळी आणि भाताच्या खाचरांमध्ये, अघनाशिनी नदीच्या उत्तरेला, थोड्याशा उंचवट्यावर तो पसरलेला आहे. सगळा जांभा दगड. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं, ते मार्गशीर्षातही पुरतं वाळलेलं नव्हतं. लाल दगड आणि वर हिरवी साय, असे ते बुरूज दिसत होते. बाहेरून खंदक, मग एकात एक अशा दोन तटभिंती, गोल बुरूज, आणि आत जायला रुंद पायऱ्या. आतली जागा दहा एकरांच्या आसपास आहे. छप्पर म्हणून कशावरच उरलेलं नाही. जोती आहेत, चौथरे आहेत, खोल विहिरी आहेत. विहिरींत उतरायला पायऱ्या, आणि तळाशी एका विहिरीतून दुसरीकडे जाणारे चोरमार्ग. एका तोंडाशी वाकून बघितलं तर गार हवेचा झोत तोंडावर आला आणि वटवाघळांचा वास. वन्सनी मला पदराला धरून मागं ओढलं.

नदी इथूनच समुद्राला मिळायच्या तयारीला लागते. शिरसीकडे उगम पावून घाटावरून उंचळ्ळीला मोठी उडी घेते आणि खाली येऊन ताडदीच्या खाडीत पसरते. तिच्यावर धरण नाही. आजच्या दिवसात हे सांगण्यासारखंच आहे. ओहोटीला बायका त्या खाडीच्या चिखलात गुडघाभर उतरून शिंपल्या गोळा करतात. आमच्या बसमधल्या निम्म्या बायकांनी ते बघून मान फिरवली. मीही फिरवली, खोटं कशाला बोलू. पण त्या बायकांचं घर त्या चिखलावर चालतं हेही डोळ्यांना दिसतच होतं. नदीचं नाव अघनाशिनी, पाप नाहीसं करणारी. या काठानं मालाची जहाजं, सोनं, तोफा आणि दगाफटका किती बघितला असेल!

आता राणीबद्दल. नाव चन्नभैरादेवी. बेळगावात राणी चन्नम्मा म्हटलं की सगळ्यांना चौकातला घोड्यावरचा पुतळा आठवतो. ती कित्तूरची, इंग्रजांशी १८२४ साली लढलेली. आणखी एक चन्नम्मा केळदीची, जिनं छत्रपती राजाराममहाराजांना जिंजीच्या वाटेवर आसरा दिला आणि त्यापायी औरंगजेबाचं सैन्य अंगावर घेतलं. आमची चन्नभैरादेवी या दोघींच्या आधीची. गेरसोप्प्याच्या साळुव घराण्यातली, धर्मानं जैन. त्या वेळी गेरसोप्प्याला नगिरे म्हणत, क्षेमपूर म्हणत. शरावती नदीच्या काठी तिची राजधानी, होन्नावर-भटकळ ही बंदरं, आणि मागं सह्याद्रीच्या उतारावर मैलोगणती मिरीचं रान. १५५२ ते १६०६ अशी चोपन्न वर्षं तिनं राज्य केलं असं सांगतात. भैरादेवी हे नाव त्या घराण्यात एकीपेक्षा जास्त राण्यांना होतं, त्यामुळे दोघी-तिघींच्या हकिकती एकीच्या नावावर जमा झाल्या असाव्यात असंही काही अभ्यासकांना वाटतं. शक्य आहे. पण पोर्तुगीजांनी जिला 'मिरीची राणी' म्हटलं, ती बाई होती आणि त्यांना पुरून उरली होती, यात वाद नाही.

तो काळ डोळ्यापुढं आणा. १५६५ साली विजयनगर पडलं. ज्या छत्राखाली ही लहानलहान संस्थानं नांदत होती ते छत्रच मोडलं. वरून विजापूरची आदिलशाही, खाली केळदीचे नायक, शेजारी बिळगीचे, आणि समोर समुद्रात पोर्तुगीज. १५६९ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय लुईस द अताईद यानं होन्नावर घेतलं. पुढच्याच वर्षी आदिलशहानं गोव्याला वेढा घातला, निजामशहानं चौलला, कालिकतचा सामुद्री चालियमवर गेला आणि आमच्या राणीनं होन्नावरच्या पोर्तुगीज किल्ल्याला वेढा दिला. नाही जिंकली ती. पण मोठमोठ्या सुलतानांच्या बरोबरीनं एक बाई या मसलतीत होती, हे मी बी.ए.ला इतिहास घेऊनही कधी वाचलेलं नव्हतं. आमच्या पुस्तकात ताळीकोट होतं, गोवा होतं. गेरसोप्पा म्हटलं की फक्त धबधबा.

किल्ल्यात एका चौथऱ्यावर बसून मी हे सगळं बायकांना सांगत होते, तेवढ्यात आमच्यातल्या एका धाकट्या सुनेनं विचारलं, "काकू, जैन राणी, आणि तोफा?"

प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे प्रवचनात हिंसेचे चार प्रकार सांगतात ते तिला सांगितलं. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. ठरवून केलेली हिंसा श्रावकानं सोडायचीच. चूल, शेत, धंदा यांत नकळत होते ती जपून होऊ द्यायची. आणि घरावर, देशावर, धर्मावर चालून आलेल्याला अडवताना होते ती विरोधी, तिथं गृहस्थाला मोकळीक आहे. श्रवणबेळगोळला बाहुबली उभा करणारा चामुंडराय सेनापतीच होता की. आणि याच राणीच्या काळात, याच किनाऱ्यावर आणखी खाली उल्लाळला अब्बक्का पोर्तुगीजांशी लढत होती, तीही चौट घराण्यातली, जैनच. ती सून "हं" म्हणाली. तिचं समाधान झालेलं नव्हतं. माझंही कुठं पुरतं झालं आहे? मिरीच्या व्यापारासाठी केलेली लढाई विरोधी म्हणायची का उद्योगी, हे मला आजही सांगता येणार नाही.

पण खरी अडचण वेगळीच होती. 'राणी आपली होती' असं म्हणून मी सगळ्यांना आणलं, आणि किल्ला तिनंच बांधला का, याचीच खात्री नाही. लोक सांगतात, इथून ती व्यापारावर नजर ठेवायची. कुणी म्हणतात मूळ किल्ला नवायत सुलतानांचा, तिच्याही आधीचा. तर कुणी म्हणतात आज दिसतो तो तट आदिलशाही सुभेदार शरीफ-उल-मुल्कनं १६०८ नंतर उभा केला, म्हणजे राणी कैदेत गेल्यावर. पुरातत्त्व खात्यानं २०००-०१ मध्ये इथं खणलं तेव्हा तोफगोळे निघाले, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे निघाले आणि १६५२ सालचं पोर्तुगीज सोन्याचं नाणं निघालं. तेही तिच्यानंतर छेचाळीस वर्षांचं. मी हे सांगितल्यावर अध्यक्षबाईंनी घड्याळाकडे बघितलं. "म्हणजे एक तास कुणासाठी घालवला आपण?" त्या हसतच म्हणाल्या, पण मला लागलं.

मला वाटतं, किल्ला एकाचा नसतोच. एकानं पाया घातला, दुसऱ्यानं तट वाढवला, तिसऱ्यानं विहीर खणली. नाव मात्र ज्याच्या हाती शेवटी लेखणी असते तो देतो. इथं उलटं झालंय. लेखणी सगळी परक्यांच्या हाती, आणि नाव गावकऱ्यांनी राणीचं धरून ठेवलंय. राखण करणाऱ्या गावातल्या माणसाला विचारलं, किल्ला कुणाचा? त्यानं क्षणाचाही विचार न करता कन्नडमध्ये सांगितलं, "राणीचा."

परतीच्या वाटेवर होन्नावरहून आत वळून गेरसोप्प्याला गेलो. या वेळी कुणी कुरकुर केली नाही, कारण तिथं बस्ती आहे. नदी ओलांडून नगरबस्तीकेरीला गेलं की रानात चतुर्मुख बसदी उभी आहे. चारी दिशांना चार दारं आणि आत चारी दिशांना तोंड करून चार जिनबिंबं. कुठल्याही दारानं आत या, भगवान समोर. आजूबाजूला पडक्या बसद्या, झाडांच्या मुळांनी धरलेले दगड. ज्वालामालिनीच्या देवळात मात्र दिवा होता. आम्ही बारा-तेरा बायकांनी तिथं णमोकार म्हटला. वर पक्षी एकदम गप्प झाले. एवढ्या मोठ्या राजधानीचं हे झालं होतं.

हे उद्ध्वस्तपण कालपरवाचं नाही. १६२३ साली पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा एक इटालियन प्रवासी पोर्तुगीज वकिलाबरोबर गोव्याहून निघून होन्नावरहून नदीनं गेरसोप्प्याला आला. राणीचा पाडाव होऊन जेमतेम सतरा वर्षं झाली होती, तरी त्याला घरांवर वाढलेली झाडं दिसली आणि थोड्याशा झोपड्या. त्यानं मित्राला लिहिलेल्या पत्रांत हे सगळं आहे. आणि तिथंच राणीची हकिकतही आहे. ती अशी, की शेवटच्या राणीनं एका परक्या, सामान्य कुळातल्या माणसावर मन जडवलं, कारभार त्याच्या हाती दिला, त्यानं दगा दिला आणि त्या भांडणात राज्य केळदीच्या वेंकटप्पा नायकाच्या घशात गेलं.

हे मी यात्रेच्या आधीच, भाचीनं मोबाईलवर काढून दिलेल्या इंग्रजी भाषांतरात वाचलं होतं. वाचलं आणि पुस्तक मिटावं तसा मोबाईल पालथा ठेवला. पन्नासहून जास्त वर्षांचा कारभार, दोन-तीन शत्रूंना तोंड देऊन राखलेली बंदरं, बांधलेल्या बसद्या, आणि शेवटी काय, तर बाईचं कुणावर तरी मन जडलं म्हणून राज्य बुडालं! अहो, १५५२ मध्ये ती अठरा-वीसची होती असं धरलं तरी १६०६ मध्ये सत्तरी ओलांडलेली. आणि देल्ला वाल्लेला हे सांगितलं कुणी? तो चालला होता वेंकटप्पाच्याच दरबारी, पोर्तुगीजांच्या सोबतीनं. राणीला कैद करणारा एक आणि तिच्याशी उभा दावा मांडलेले दुसरे. तिची बाजू सांगणारं त्या वाटेवर कोण भेटणार होतं? ती स्वतः केळदीच्या कैदेतच संपली. तो प्रवासी खोटं लिहीत होता असं माझं म्हणणं नाही. ऐकलं ते त्यानं लिहिलं. पण वेंकटप्पाचं सैन्य, बिळगीकरांची साथ, विजयनगर मोडल्यावर उघडं पडलेलं लहान राज्य ही कारणं समोर असताना लोकांच्या तोंडी काय राहिलं बघा.

मोबाईल पालथा ठेवण्याचं कारण आणखी एक होतं, ते आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्ती म्हणतो, १९७३ साली तेहतिसाव्या वर्षी विधवा झाल्या. तीन मुलं, त्यात आमचे हे सगळ्यांत थोरले, आठ वर्षांचे. आणि सासऱ्यांची गुळाची अडत. भाऊबंदांनी सांगितलं, दुकान विका, पैसे बँकेत ठेवा, घरात बसा. आत्तींनी पांढरं नेसून सहाव्या महिन्यात पेढीवर बसायला सुरुवात केली. सतरा वर्षं बसल्या. शेतकऱ्याला उचल किती द्यायची, रव्याचा रंग बघून भाव काय लावायचा, कुणाची पट्टी कधी चुकती करायची, सगळं तोंडपाठ. सूर्यास्ताआधी जेवायला घरी, दुसऱ्या दिवशी उजाडता परत पेढीवर. आणि गावात काय म्हणायचे? दुकान बाईनं नाही, मुनीमानं चालवलं. एवढंच म्हणून थांबायचे नाहीत, पुढचं अर्धं वाक्य भुवई उडवून बोलायचे.

मी नवी नवरी. एका हळदीकुंकवाला चुलत सासूबाईंनी तेच, तसंच भुवई उडवून, माझ्या कानाशी सांगितलं. आणि मी हसले. नवीन घर, मोठ्या बायकांत सामील व्हायची हौस, म्हणून हसले. मान वर केली तर दारात आत्ती तबक घेऊन उभ्या. त्यांनी ऐकलं होतं. काही बोलल्या नाहीत. तबक माझ्या हातात दिलं, म्हणाल्या, "अत्तरदाणी राहिली बघ आत," आणि गेल्या. पस्तीस वर्षं होत आली. मुनीमही गेले, चुलत सासूबाईही गेल्या. घराण्याची वंशावळ छापली तेव्हा त्यात आत्तींचं नाव नाही, सासऱ्यांच्या नावाखाली तीन मुलगे, बस्स. गेरसोप्प्याच्या त्या घराण्यात म्हणे वारसा मामाकडून भाच्याकडे, बहिणीच्या पोटातून जायचा. तिथल्या वंशावळीत बायकांना वगळायचं म्हटलं तर वंशावळच तुटली असती.

घरी परतले तेव्हा आत्ती ओसरीवर बसल्या होत्या. आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. गुडघे गेलेत, पण कान आणि डोकं शाबूत. मूडबिद्रीचं गंधोदक डोळ्याला लावून झालं, प्रसाद झाला. मग त्यांनी विचारलं, "आणि तो किल्ला? काय बघून आलीस गं?"

मी सगळं सांगितलं. जांभ्याचा तट, विहिरी, वेढा, पोर्तुगीज. प्रवाशाची ती प्रेमाची हकिकत सांगताना मी अडखळले. आत्तींनी ती ऐकून घेतली, त्यावर काही म्हणाल्या नाहीत. सुपारी कातरत होत्या, ती कातरणं थांबलं नाही. मग म्हणाल्या, "ते राहू दे. मिरीचा व्यवहार कसा होता ते सांग. आधी माल की आधी पैसा?"

मला माहीत होतं! लिन्सखोटेन म्हणून एक डच माणूस १५८३ पासून पाच वर्षं गोव्यात आर्चबिशपच्या चाकरीत होता. त्यानं होन्नावरच्या मिरीबद्दल लिहून ठेवलंय. राणीला तो भटकळची राणी म्हणतो. वर्षाला सात-आठ हजार क्विंटल मिरी ती पोर्तुगीजांना देते, म्हणजे एक जहाज भरेल एवढी. त्यांचा क्विंटल आपल्या आताच्या क्विंटलच्या निम्म्याहून थोडा जास्त. पण माल हाती पडायच्या सहा महिने आधी तिला पैसे मोजून द्यावे लागतात. पैसे आल्याशिवाय मिरी हलत नाही. ज्यांच्याशी वेढा घालून लढली, त्यांच्याकडूनच आगाऊ रोकड!

आत्तींचा अडकित्ता थांबला.

"सहा महिने?" त्या म्हणाल्या. "आम्हाला कुणी सहा दिवस आधी दिलं नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अत्तरदाणी सापडली होती काय गं त्या दिवशी?"

मी मान खाली घातली. त्यांनी कातरलेली सुपारी माझ्या पुढ्यात सरकवली आणि पुढचं खांड अडकित्त्यात धरलं.